प्रश्न सोडविणे आणि प्रश्न समजणे

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त अहिवारा येथे भरलेल्या विद्यार्थी-पालक मेळाव्यातील भाषण)



मंडळाच्या चिटणीसांनी आजच्या विषयावर बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा मी आरंभीच त्यांच्यापुढे एक अडचण मांडली. विषय आहे प्रवेश-परीक्षांसाठी शास्त्र, गणित व इंग्रजी यांच्या प्रश्नांचा सराव कसा करावा हा. आणि वक्ता आहे कलाशाखेचा पदवीधर, ज्याच्या आयुष्याचा मोठा भाग केंद्र सरकारच्या कचेरीत फायली हाताळण्यात गेला. त्यावर चिटणीस म्हणाले, "शास्त्राचे व्याख्यान द्यायला आम्ही प्राध्यापक बोलावू. तुमच्या ओसरीवर संध्याकाळी मुले वह्या घेऊन बसतात, तिथे तुम्ही जे पाहिले तेवढेच सांगा." ही मर्यादा मला मानवली. म्हणून आज मी जे सांगणार आहे ते तज्ज्ञाचे मत नव्हे. मुलांच्या वह्या चाळणाऱ्या एका शेजाऱ्याचे ते अनुभवाचे बोल आहेत, आणि त्यांत माझ्या स्वतःच्या एका चुकीची कबुलीही आहे.

आपण ज्या परिसरात राहतो त्याचा आणि या विषयाचा संबंध फार जवळचा आहे. १९५५ साली सोव्हिएत संघाशी करार होऊन भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहू लागला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. देशाच्या कानाकोपऱ्यांतून अभियंते, कारागीर, कारकून येथे आले. त्यांच्यापाशी येथे वडिलोपार्जित जमीन नव्हती की पिढीजात दुकान नव्हते. मुलांना देण्यासारखे एकच होते, ते म्हणजे शिक्षण. भिलाईतून आयआयटीत जाणाऱ्या मुलांमुळे या नगरीचे नाव पुढे देशभर झाले, त्याचे मूळ मला या परिस्थितीत दिसते. आता तर २०१६ साली स्थापन झालेली आयआयटी भिलाई आपल्याच दुर्ग जिल्ह्यात कुटेलाभाटा येथे स्वतःच्या वास्तूत नांदते आहे. तथापि संस्था शेजारी आली म्हणून तिचे दार शेजाऱ्यासाठी अधिक उघडे होत नाही. ते दार प्रश्नपत्रिकेच्या किल्लीनेच उघडते.

आपल्या मराठी मुलांपुढे आणखी एक गोष्ट उभी असते. भोसल्यांच्या अमदानीपासून या छत्तीसगढात मराठी घरे आहेत. आपल्या घरी मराठी, अंगणात छत्तीसगढी, शाळेत हिंदी आणि परीक्षेत इंग्रजी, असा चार भाषांचा प्रवास मूल रोज करते. २०२१ पासून आयआयटी-एनआयटीच्या मार्गावरील जेईई मेन ही परीक्षा मराठीतूनही होते हे खरे. पण मराठी प्रश्नपत्रिकेची सोय महाराष्ट्रातील केंद्रांपुरती आहे. आपल्या मुलांनी हिंदी किंवा इंग्रजी यांतूनच निवड करायची. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची, म्हणजे एनडीएची प्रश्नपत्रिकाही हिंदी व इंग्रजीतच असते. शिवाय जेईई मेनच्या नियमानुसार भाषांतरात संदिग्धता आढळल्यास इंग्रजी मजकूर अंतिम धरला जातो. हिंदी माध्यमाच्या मुलानेही पारिभाषिक शब्दांची इंग्रजी रूपे जाणणे का आवश्यक आहे, ते यावरून ध्यानात येईल. ही तक्रार म्हणून मी सांगत नाही. ज्या प्रांतात माधवराव सप्र्यांसारख्या मराठी घरातील माणसाने लोकमान्यांचे 'गीतारहस्य' हिंदीत नेले, त्या प्रांतात भाषेचे भय बाळगण्याचे आपल्याला कारण नाही. परंतु भय नसणे आणि तयारी असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

आता त्या कबुलीकडे वळतो. काही वर्षांपूर्वी आमच्या शेजारच्या एका मुलाने एनडीएत जाण्याचा ध्यास घेतला. मुलगा कष्टाळू, सरळ, सांगितलेले ऐकणारा. मी मोठ्या उत्साहाने त्याचा दिनक्रम आखून दिला. एनडीएच्या गणिताच्या प्रश्नपत्रिकेत १२० प्रश्न आणि वेळ अडीच तास. म्हणजे एका प्रश्नाला ७५ सेकंद. मी भागाकार केला आणि ठरवून टाकले की गती हेच सर्वस्व. रोज शंभर प्रश्न, समोर घड्याळ. वर्षभरात त्याच्या अकरा वह्या भरल्या. मी त्या वह्यांची चवड येणाऱ्या-जाणाऱ्याला अभिमानाने दाखवीत असे. निकाल लागला, त्यात त्याचा क्रमांक नव्हता.

तो माझ्याकडे आला, वह्या ओसरीवर ठेवल्या आणि इतकेच म्हणाला, "काका, माझे कुठे चुकले ते एकदा बघाल का?" मी चार रात्री त्या वह्या वाचल्या. पहिल्या वहीत एक प्रश्न होता: मोटार जाताना ताशी ४० किलोमीटर आणि येताना ताशी ६० किलोमीटर वेगाने गेली, तर सरासरी वेग किती? त्याने ५० लिहिले होते, शेजारी तांबड्या शाईने ४८ हे बरोबर उत्तर उतरवून घेतले होते. चौथ्या वहीत आकडे बदलून तोच प्रश्न, तीच चूक, तीच तांबडी शाई. नवव्या वहीत पुन्हा तेच. पहिल्या महिन्यात जे त्याला कळले नव्हते ते अकराव्या महिन्यातही कळलेले नव्हते. मधल्या काळात फक्त वेग वाढला होता. सराव झाला होता तो चुकांचा, आणि तो मी करवून घेतला होता. त्या मुलाचे एक वर्ष त्यात गेले. एनडीएसाठी वयोमर्यादा साडेसोळा ते साडेएकोणीस. या तीन वर्षांतले एक वर्ष ही लहान गोष्ट नाही, आणि ते माझ्या हातून गेले हे मला विसरता येत नाही.

हा वेगाचा प्रश्न आपण थोडा उलगडून पाहू. अंतर दिलेले नाही, म्हणून मूल गोंधळते आणि दोन आकड्यांची सरासरी काढून मोकळे होते. अंतर १२० किलोमीटर धरा. जायला तीन तास, यायला दोन तास. एकूण २४० किलोमीटर पाच तासांत, म्हणजे ताशी ४८. उत्तर ५० पेक्षा कमी का आले? कारण मोटार कमी वेगाने अधिक वेळ चालत होती. हे एक वाक्य ज्याला स्वतःच्या शब्दांत सांगता आले, त्याला हा प्रश्न कोणत्याही वेषात आला तरी ओळखता येईल. ज्याने केवळ ४८ हा आकडा उतरवला, त्याच्या हाती काहीच लागले नाही.

तर मग प्रश्नांचा सराव टाकावा काय? मुळीच नाही. रॉडिगर आणि कार्पिके या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांचे २००६ साली प्रसिद्ध झालेले प्रयोग या संदर्भात उद्बोधक आहेत. विद्यार्थ्यांच्या एका गटाने उतारा पुनःपुन्हा वाचला, दुसऱ्याने एकदा वाचून मग तो आठवून लिहिण्याचा प्रयत्न केला. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर विचारले तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. पाठ वाचून 'आले, आले' असे वाटणे फसवे असते. प्रश्न समोर ठेवून स्वतःच्या मनातून उत्तर बाहेर काढणे हीच शिकण्याची खरी क्रिया आहे. सराव हवाच, वाद आहे तो कोणता सराव हवा याविषयी.

या बाबतीत मला श्रीनिवास रामानुजन यांचे उदाहरण नेहमी आठवते. कुंभकोणमच्या या मुलाच्या हाती १९०३ च्या सुमारास जॉर्ज कार नामक गृहस्थांचा एक ग्रंथ आला. हे कार परीक्षार्थींची शिकवणी घेणारे शिक्षक. केंब्रिजच्या गणित परीक्षेला बसणाऱ्यांच्या सोयीसाठी त्यांनी हजारो सिद्धांत व सूत्रे ओळीने मांडली होती; सिद्धता बहुतेक ठिकाणी नाहीत किंवा नुसत्या सूचित केलेल्या. म्हणजे आजच्या भाषेत परीक्षेचे मार्गदर्शकच म्हणा ना! अन्य मुलांनी तो पाठ केला असता. रामानुजन यांनी प्रत्येक सूत्र हे आव्हान मानले आणि ते का खरे हे स्वतः शोधले. पुस्तक तेच, परंतु एकाला ते घोकंपट्टीचे साधन, तर दुसऱ्याला ज्ञानाचे दार. आणि याच गोष्टीचा उत्तरार्धही मुलांनी ऐकावा. तेच रामानुजन पुढे महाविद्यालयात इंग्रजी निबंधाच्या विषयात अनुत्तीर्ण झाले आणि त्यांची शिष्यवृत्ती गेली. एवढ्या अलौकिक बुद्धीलाही परीक्षेने सवलत दिली नाही. आपण तर सामान्य माणसे. आवडत्या विषयाच्या आधारावर नावडता विषय तरून जाईल, या भरवशावर कोणी राहू नये.

आता शास्त्राविषयी. पुस्तकातील शास्त्र आणि डोळ्यांसमोरचे शास्त्र यांची मुलांच्या मनात भेटच होत नाही, ही मला मोठी उणीव वाटते. आपल्या शेजारी नंदिनीची चुनखडीची खाण आहे. तेथील चुनखडी भिलाईच्या भट्टीत कशासाठी जाते, असे मी ओसरीवर विचारले तेव्हा बरीच मुले गप्प राहिली. पण कॅल्शियम कार्बोनेटचे सूत्र त्यांना तोंडपाठ होते. भट्टीच्या उष्णतेत चुनखडीचा चुना होतो, तो चुना खनिजातील वाळूसारख्या अशुद्ध द्रव्याशी संयोग पावतो आणि त्याची मळी होऊन लोखंडापासून वेगळी निघते. हे एकदा डोळ्यांपुढे आले की गणित सोपे होते. १०० भार चुनखडीतून ५६ भार चुना आणि ४४ भार कार्बन डायऑक्साइड. मग ५० किलो शुद्ध चुनखडीतून किती वायू? २२ किलो. येथे थांबू नये. चुनखडी शेकडा ८० शुद्ध असेल तर? प्रत्यक्ष चुनखडी ४० किलोच, म्हणून वायू १७.६ किलो. आणि उलट, ११ किलो वायू मिळण्यास शुद्ध चुनखडी किती लागेल? २५ किलो. एका प्रश्नाचे असे तीन प्रश्न स्वतः तयार करणारा विद्यार्थी तीस प्रश्नांत नव्वदांचे काम करतो.

पदार्थविज्ञानाचे उदाहरणही घरचेच घेऊ. भिलाईत १३० मीटर लांबीचा अखंड रूळ तयार होतो. तापमान ३० अंशांनी वाढले तर तो किती लांबेल? पोलादाचा प्रसरणांक दर अंशाला सुमारे ०.००००१२. गुणाकार केला तर ०.०४६८ मीटर, म्हणजे जवळजवळ पावणेपाच सेंटिमीटर. एका मुलाने याचे उत्तर पावणेपाच मीटर काढले आणि निर्धास्तपणे पुढच्या प्रश्नाकडे गेला. दशांशचिन्ह सरकले होते, हे क्षम्य. पण एवढा रूळ उन्हाने जवळजवळ तीन माणसांच्या उंचीइतका कसा लांबेल, अशी शंकाही मनात येऊ नये, हे क्षम्य नाही. उत्तर आले की ते शक्य आहे काय, असे क्षणभर स्वतःस विचारण्याची सवय लावावी. त्यास दोन सेकंद लागतात आणि कित्येक गुण वाचतात.

इंग्रजीविषयी मी थोडे अधिकाराने बोलू शकेन, कारण कचेरीत माझे सारे आयुष्य त्या भाषेतील टिपणे लिहिण्यात गेले. आपल्या मुलांच्या चुका अज्ञानाच्या फार थोड्या. बहुतेक चुका आपल्या भाषेच्या सवयीतून येतात. आपण एखाद्या विषयावर किंवा विषयाविषयी चर्चा करतो, म्हणून मूल 'डिस्कस अबाउट' लिहिते. इंग्रजीत 'डिस्कस'ला 'अबाउट' लागत नाही. आपल्याकडे 'सकाळपासून' आणि 'दोन तासांपासून' दोन्हीकडे 'पासून' चालते, हिंदीतही दोन्हीकडे 'से' येतो; इंग्रजीत मात्र पहिल्यास 'सिन्स' आणि दुसऱ्यास 'फॉर'. 'माझ्या मित्रांपैकी एक' म्हणताना 'वन ऑफ माय फ्रेंड्स' असे अनेकवचन यावे लागते; मूल 'फ्रेंड' लिहून मोकळे होते. अशा चुकांची यादी प्रत्येकाची निराळी असते. ती आपली आपण करावी. नुसते शब्दार्थांचे पुस्तक पाठ करून इंग्रजी येत नाही. रोज वर्तमानपत्रातील एक उतारा मोठ्याने वाचावा आणि त्याचा सारांश पाच वाक्यांत लिहावा, हे वर्षभर केले तर पुरे.

आणि इंग्रजी केवळ इंग्रजीच्या गुणांपुरती नाही. त्या मुलाच्या वह्यांत मला आणखी एक गोष्ट आढळली होती. 'पुढीलपैकी कोणते विधान बरोबर नाही?' असा प्रश्न असे, आणि त्याने पहिले बरोबर विधान दिसताच त्यावर खूण केलेली असे. शास्त्र त्याला येत होते. प्रश्नातला 'नॉट' हा तीन अक्षरांचा शब्द घाईत निसटत होता. म्हणून मी आता मुलांना सांगतो की चुकांची एक स्वतंत्र वही ठेवा आणि तिचे चार भाग करा: जे कळलेच नव्हते, जे कळले होते पण आठवले नाही, प्रश्न वाचण्यातली चूक, आणि आकडेमोडीतली चूक. चारही रोगांचे औषध वेगळे. पहिल्यासाठी पुन्हा पाठ्यपुस्तकाकडे किंवा गुरुजींकडे जावे, दुसऱ्यासाठी उजळणी, तिसऱ्यासाठी प्रश्नातील मुख्य शब्दाखाली रेघ ओढण्याची सवय, चौथ्यासाठी कागदावर नीट ओळीत मांडणी. चुकलेला प्रश्न उत्तर न पाहता दुसऱ्या दिवशी, मग आठवड्याने, मग महिन्याने पुन्हा सोडवावा. तिन्ही वेळा बरोबर आला तरच तो वहीतून खोडावा. घड्याळ लावायचे ते यानंतर, आधी नाही. शेवटच्या काही महिन्यांत मात्र जुन्या प्रश्नपत्रिका पूर्ण वेळ लावून, सर्व विषयांचे मिश्रण ठेवून सोडवाव्यात. संघ लोकसेवा आयोग आपल्या जुन्या प्रश्नपत्रिका स्वतःच प्रसिद्ध करतो. त्यासाठी पैसे मोजण्याची गरज नाही.

चुकीच्या उत्तराला गुण कापले जातात, या भीतीविषयीही दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण तेही गणितच आहे. एनडीएच्या गणितात बरोबर उत्तरास अडीच गुण आणि चुकीच्या उत्तरास त्याचा तिसरा हिस्सा वजा. चार पर्यायांतून डोळे मिटून उत्तर दिले, तर सरासरीने चारांत एक बरोबर: अडीच गुण मिळाले, तीन चुकांचे अडीच गेले, हाती शून्य. परंतु एक पर्याय निश्चितपणे चूक आहे हे कळले आणि उरलेल्या तिहींतून निवड केली, तर सरासरीने तीन प्रश्नांमागे पाऊण गुणाहून थोडे अधिक पदरात पडते. तात्पर्य, अंधळा तर्क करू नये, पण अर्धवट ज्ञानही वाया घालवू नये. प्रत्येक परीक्षेचा नियम मात्र वेगळा असतो. तो फॉर्म भरतानाच वाचावा.

पालकांना एकच विनंती. शिकवणी वर्गाची फी भरली की आपले कर्तव्य संपले असे मानू नका, आणि रोज संध्याकाळी 'आज किती प्रश्न झाले?' असे विचारू नका. तो प्रश्न मीच वर्षभर विचारला होता. त्याऐवजी 'आज काय चुकले आणि ते का चुकले?' असे विचारा, आणि उत्तर ऐकताना कपाळाला आठी पडू देऊ नका. ज्या घरात चूक सांगण्याची भीती वाटते, तेथे चूक तांबड्या शाईखाली दडून राहते. हे मुलांइतकेच मुलींच्या बाबतीतही ध्यानात घ्यावे. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर एनडीएची परीक्षा मुलींसाठी खुली झाली आणि ३० मे २०२५ रोजी खडकवासल्याहून १७ मुलींची पहिली तुकडी उत्तीर्ण होऊन बाहेर पडली. तेव्हा 'मुलीला हे कशाला' हा प्रश्न आता कोणत्याही प्रश्नपत्रिकेत उरलेला नाही.

त्या मुलाचे पुढे काय झाले, हे आपणास जाणून घ्यावेसे वाटेल. दुसऱ्या वेळी आम्ही रोज तीसच प्रश्न घेतले. तो लेखी परीक्षा उत्तीर्ण झाला; पुढे सेवा निवड मंडळाच्या मुलाखतीत त्याची निवड झाली नाही, आणि तोवर वय उलटले. सर्व कथांचा शेवट गोड होतो असे मी मुलांना खोटे सांगणार नाही. जागा थोड्या आणि इच्छुक फार, त्यामुळे उत्तम तयारी करूनही अनेकांना परत यावे लागते. तो आज एका शाळेत गणित शिकवितो. मध्यंतरी त्याच्या वर्गात जाण्याचा योग आला. एका मुलीचे उत्तर चुकले, तेव्हा त्याने बरोबर उत्तर सांगितले नाही, तिला फळ्यापाशी बोलावून म्हणाला, "बाळ, तू हे कसे काढलेस ते आधी सांग." मी मागच्या बाकावर बसून ते ऐकले. परीक्षा गेली तरी समज राहते, आणि ती पुढे आणखी कोणाच्या कामी येते. केवळ घोकलेले मात्र परीक्षेबरोबरच संपते.

शेवटी मंडळापुढे एक मागणी ठेवून थांबतो. पन्नास वर्षे या मंडळाने गणेशोत्सव, नाटके, व्याख्याने चालवून येथे मराठीपण टिकविले. सुवर्णमहोत्सवी वर्षाची आठवण म्हणून सभागृहातील एक खोली रोज संध्याकाळी दोन तास विद्यार्थ्यांसाठी उघडी ठेवावी. जुन्या प्रश्नपत्रिकांचे संच, एक फळा, आणि आपल्यातील निवृत्त अभियंते व शिक्षक यांपैकी पाळीपाळीने एकेक जण, एवढे पुरे आहे. मूल मराठी असो, छत्तीसगढी असो वा आणखी कोणी, दार सर्वांना मोकळे असावे. पहिल्या दिवशी चुकांच्या कोऱ्या वह्या मी घेऊन येईन.